वर्गणी माफ

तांडापेठेतल्या कामगार क्लबाला पाटी नव्हती.
दारावर गिरणीच्या उरलेल्या निळ्या रंगात
कोणीतरी लिहून ठेवलं होतं:
चपला बाहेर. उधारी बाहेर. रडणं बाहेर.
आत दोन कॅरम, एक खरखरणारा रेडिओ,
भिंतीवर खडूनं थकबाकीदारांची यादी
आणि यादीत कायम पहिलं नाव
यादी लिहिणाऱ्याचंच,
सेक्रेटरी वासुदेव बारापात्रे.

बायांना आत शिरायला वर्षात एकच दिवस,
संक्रांतीनंतरचा रविवार.
माय त्या दिवशी लटकत्या दिव्याखाली
भाड्याची खोली बघायला आल्यासारखी उभी राहायची,
कोपरे बघत, छताची ओल बघत,
आपला माणूस इथं रोज दोन तास
नेमकं काय करतो, ते शोधत.

मी पायरीवर. बाबांच्या चपला राखायला.
न बघता सांगायची कोणाचा स्ट्रायकर:
बाबांचा सुका, एकदाच टक्.
अन्सारीकाकांचा आधी बोर्डाला विचारणारा.
शनिवारी हाउजी. बारापात्रे आकडे ओरडायचे:
अकरा, दोन दांड्या!
सोळा, पोट्टीचं लग्न नाही, शाळा!
अठ्ठावन, आता घरी जा बावा!
आणि सगळे हसायचे,
अठ्ठावन कोणालाच जवळ वाटत नव्हतं.
एकदा बाबांना फुल हाउस लागलं.
पाच किलोचा स्टीलचा डबा डोक्यावर घेऊन
ते गल्लीभर वरातीसारखे चालत आले.

मग एका सकाळी भोंगा वाजला नाही
आणि आख्खी पेठ उशिरा उठली.

बाबा मात्र सहाच्या ठोक्याला
इस्त्रीचा शर्ट घालून निघत राहिले.
"क्लबात जाऊन येतो."
यायचे अकराला. डोळे लाल, नाक गळतं,
ताटाकडे न बघता झोपायचे.
शेजारची म्हणाली, कोहाड प्यायला लागला.
मी चौदा वर्षांची होते. मला ते पटलं.
दहावीचं पूर्ण वर्ष मी त्यांच्याशी बोलले नाही,
पेढेसुद्धा आधी शेजारी दिले.

गेल्या महिन्यात बारापात्रेंच्या नातवाचा फोन:
खोली पाडून राहिले, ताई. काही न्यायचं असन तं या.
मी हजेरीचं रजिस्टर आणलं.
पानापानांत बोरिक पावडर, अजून घसरती.
रोज एक सही, ना. शि. कोहाड,
'ना'चा काना ओळीखाली लोंबणारा.
गिरणी बंद झाली त्या आठवड्यापर्यंत.
त्यापुढं चार वर्षं त्यांच्या रकान्यात काही नाही.
फक्त एकदा, समासात, बारापात्रेंचं अक्षर:
कोहाड मिरची बाजारात पोती उतरवतो.
वर्गणी माफ.
घरून कोणी विचारलं तर इथंच होता म्हणून सांगावं.
खाली आठ सह्या. अन्सारीकाकांची उर्दूत.

मायला वाचून दाखवलं.
ती आवाज बंद करून मालिका बघत होती.
"मले माहीत होतं."
"कसं?"
तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं केले,
जसं त्यांच्यावर अजून काही लिहिलेलं असावं.
"शर्ट कोन धुवे? रातभर हात जळे."
"मंग बोलली काऊन नाही?"
"इस्त्री करून जाये तो," ती म्हणाली.
"इस्त्री केलेल्या मानसाले का विचारावं?"

बराच वेळ पडद्यावर कोणीतरी रडत होतं, मुक्यानं.
मग तिनं विचारलं, वर्गणी किती होती महिन्याची?
दोन रुपये. पण माफ लिहिलं आहे, माय.
"लिहू दे."
उठली, भिंत धरत आत गेली.
स्टीलच्या डब्याचं झाकण
तिच्या हातून एका झटक्यात कधीच निघत नाही.
मी तो आवाज ऐकत बसले,
मनात अठ्ठेचाळीस महिन्यांचा हिशेब करत,
आणि हे पैसे आता द्यायचे कोणाला,
ते तिला कसं सांगायचं, याचा.